मिनियापोलिसच्या हिवाळ्यात मिरजेचा तंबोरा

प्रश्न : मिरजेहून करून आणलेल्या तंबोऱ्याच्या खुंट्या पहिल्याच हिवाळ्यात सुटू लागल्या आणि जानेवारीत तबलीवर वीतभर भेग पडली. ‘लाकूड चांगलं मुरलेलं आहे’ असं करणाऱ्यांनी सांगितलं होतं. आमची फसवणूक झाली, की इथली थंडी बाधली? भेगेत आत्ताच डिंक भरून टाकू का?
– एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर : फसवणूक झाली नसावी, आणि थंडीचाही थेट दोष नाही. दोष घर गरम करण्याचा आहे.

बाहेर उणे १० अंश असताना एका घनमीटर हवेत जेमतेम २ ग्रॅम बाष्प असतं. तीच हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिच्यात १९ ग्रॅम मावू शकतं. बाष्प मात्र होतं तेवढंच राहतं, म्हणजे सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास. नागपूरची मे महिन्यातली दुपारही सहसा इतकी कोरडी नसते.

लाकूड कितीही मुरलेलं असो, भोवतालच्या हवेशी त्याची पाण्याची देवघेव चालूच राहते. ५० टक्के आर्द्रतेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी असतं. आर्द्रता २० टक्क्यांवर उतरली की ते निम्म्यावर येतं. पॉलिशमुळे हे सावकाश घडतं, पण घडतंच. पाणी गेलं की लाकूड आकसतं, तेही रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून तबली तारांच्या दिशेने, उभी फाटते. मिरजेत दांडी आणि तबली तुनीच्या लाकडाची करतात आणि भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. भोपळा काही लाकूड नव्हे, तो तबलीच्या बरोबरीने आकसत नाही. कडा चिकटवलेल्या, वरून घोडीचा दाब. तबलीने जायचं कुठे? खुंट्यांची गोष्ट साधी आहे. खुंटी आणि तिचं भोकही आडवं जास्त आकसून किंचित लंबगोल होतं, मग पकड जाते. तात्पुरता खडू लावा.

उपाय तंबोऱ्यावर करायचा नसून खोलीतल्या हवेवर करायचा आहे. लाकडाला खोबरेल चोळायचा सल्ला कुणीतरी देईलच. तेलाने पाण्याची उणीव भरत नाही, उलट पुढे डिंक धरत नाही. ओला स्पंज गवसणीत ठेवणंही नको. कापडात ओल टिकत नाही आणि टिकली तर एकाच जागी मुरते. पाण्याचं भांडं ठेवून काय होईल? ४० घनमीटरच्या खोलीतली हवा दर दोन तासांनी बदलते असं धरलं, तर आर्द्रता ४५ टक्क्यांवर ठेवायला दिवसाला तीन लिटरच्या वर पाणी हवेत जावं लागतं. वाटीभर पाण्याचं ते काम नाही, ह्युमिडिफायर लागेल. पण त्याआधी साधा आर्द्रतामापक घेऊन तंबोऱ्याशेजारी टांगा, अंदाजावर जाऊ नका. ४० ते ५० टक्के पुरेत. कडाक्याच्या थंडीत खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळू लागलं तर ३५ वर समाधान माना, नाहीतर भिंतीला बुरशी धरेल. दार लावलेल्या छोट्या खोलीत हे सगळं स्वस्तात जमतं. गरम हवेच्या झरोक्यापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून तंबोरा लांब ठेवा.

विदर्भातल्या वाचकांसाठी जाता जाता : उन्हाळ्यात तंबोऱ्याला एसीपेक्षा कूलरची खोली मानवते, कारण कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसी काढून घेतो. मात्र थेट झोतात ठेवू नये.

आता तुमच्या भेगेबद्दल. आत्ता ती सर्वांत रुंद आहे. आत्ता भराल तर तुमच्याकडच्या दमट उन्हाळ्यात तबली फुगेल, भरलेल्या जागी तिला वाव उरणार नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात शेजारी दुसरी भेग पडायची भीती. तारा चांगल्या उतरवून ठेवा, खोलीची आर्द्रता वाढवून काही आठवडे थांबा. भेग बरीचशी आपोआप मिटेल. उरलेली तंतुवाद्यांचं काम जाणणाऱ्याकडून, तबलीच्या आतून लाकडाची पट्टी देऊन, जूनमध्ये बसवून घ्या.