समतोल म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे

अकरावीला रासायनिक समतोल शिकवताना अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘समतोल’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तराजू उभा राहतो : पारडी सारखी, काटा स्थिर. त्यातून दोन गैरसमज न शिकवताच रुजतात. अभिक्रियाकारकं आणि उत्पादितं समसमान होतात, आणि अभिक्रिया थांबते. नुसतं समजावून ते जात नाहीत, हा माझा अनुभव. म्हणून साधनच असं हवं, की त्यात पातळ्या असमान राहतील आणि हालचाल थांबणार नाही.

साहित्य : २५ मिलिलिटरची दोन सारखी मोजपात्रं, त्यांहून उंच दोन काचनळ्या (आतला व्यास एकीचा ५ मिमी, दुसरीचा ३ मिमी), साधं पाणी, शाई, आलेख कागद.

डावं पात्र २५ मिलीपर्यंत भरा, उजवं रिकामं ठेवा. कृती सांगा आणि शेवटी कुठे किती पाणी असेल, ते प्रत्येकाला वहीत लिहायला लावा. तोंडी विचारू नका. एकाने उत्तर दिलं की बाकीचे आपला अंदाज सोडून देतात.

आता दोन विद्यार्थी घ्या. जाड नळी डाव्या पात्रात, बारीक उजव्यात. नळी तळाला टेकवायची, वरचं तोंड बोटाने दाबायचं, दोघांनी एकदमच उचलून पाणी समोरच्या पात्रात सोडायचं. पहिल्या फेरीत उजवीकडून काहीच येणार नाही; तेही नोंदवा. दर फेरीला दोन्ही पातळ्या आलेखावर मांडा.

दहाव्या-अकराव्या फेरीच्या सुमारास पातळ्या सारख्या होतात. इथे थांबा. “आता थांबेल?” एवढंच विचारा आणि पुढची फेरी करू द्या. आलेखावरच्या रेषा एकमेकींना छेदून पुढे जातात. तराजू मोडतो तो या क्षणी, म्हणून इथे घाई नको.

चाळीसेक फेऱ्यांनंतर डावीकडे साधारण साडेसहा आणि उजवीकडे साडेअठरा मिलीवर पातळ्या टिकतात. जाड नळीत कमी उंचीचं पाणी चढतं, बारीक नळीत जास्त उंचीचं. त्यामुळे दोन्हींतून जाणारं पाणी सारखंच भरतं. सारखे झाले ते वेग. आता उजव्या पात्रात शाईचा थेंब टाका आणि फेऱ्या चालू ठेवा. पातळी हलत नाही, पण डावीकडचं पाणी रंगू लागतं.

वेळ असेल तर उजवं पात्र भरून सुरुवात करा. शेवट तोच येतो.

या साधनातही एक धोका आहे, तो लपवू नका. इथे पात्रं दोन आहेत. समीकरणाच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळी भांडी, असं मुलांना वाटू शकतं. लगेच फळ्यावर एकच बंद भांडं काढा आणि हायड्रोजन, आयोडीन, हायड्रोजन आयोडाइड या तिन्हींचे रेणू त्यात मिसळलेले दाखवा. व्हान्ट हॉफने १८८४ मध्ये वापरलेला उलटसुलट बाणांचा जोड त्यानंतरच लिहा.

पंधरवड्याने विचारा : समतोल साधलेल्या या भांड्यात किंचित किरणोत्सारी आयोडीन सोडलं, तर ते हायड्रोजन आयोडाइडमध्ये सापडेल का? उत्तराबरोबर कारणही लिहून घ्या.