वाचकांचे प्रश्न : चाळीस हजारांत टीव्ही घेताना

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता दिल्लीच्या द्वारकेत सेक्टर 12 मधल्या सोसायटीत राहतो. घरातला 32 इंची टीव्ही शेवटच्या घटका मोजतोय. नव्यासाठी सगळं धरून चाळीस हजार बाजूला ठेवलेत. मुलगा 55 इंचीवर अडून बसलाय, दुकानदार 50 इंची ‘क्यूएलईडी’ गळ्यात मारू पाहतोय. सासूबाईंना मराठी मालिका हव्यात, ह्यांना क्रिकेट. सोफ्यापासून टीव्हीची भिंत साडेआठ फुटांवर आहे. काय घ्यावं?

– एक वाचक भगिनी, द्वारका

उत्तर : दुकानात पाऊल टाकण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. जे नंतर बदलता येत नाही त्याला पैसे मोजायचे, जे नंतर जोडता येतं त्याला नाही. टीव्हीत न बदलता येणारी गोष्ट म्हणजे पॅनल. वॉरंटी संपल्यावर ते गेलं, तर बदलण्याचा खर्च बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या निम्म्याहून पुढे जातो. आवाज पुढे साउंडबारने सुधारता येतो. ‘स्मार्ट’ भाग तर चार-पाच वर्षांत मंदावतोच. तेव्हा तीन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावली की भागतं. विक्रेते मात्र ॲप, व्हॉइस रिमोट आणि गेम यांवरच बोलत राहतात. पॅनलचं तुम्हालाच विचारावं लागतं.

आधी आकार ठरवू. टीव्ही त्याच्या कर्णाच्या दीड ते अडीच पट अंतरावरून पाहावा, असा ढोबळ हिशेब आहे. 43 इंचीसाठी ते अंतर साधारण साडेपाच ते नऊ फूट येतं, 55 इंचीसाठी सात ते साडेअकरा. तुमच्या साडेआठ फुटांवर दोन्ही बसतात, त्यामुळे मुलाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. अडचण मालिकांची आहे. साध्या एसडी वाहिनीचं चित्र 576 ओळींचं असतं आणि 4के पडद्यावर ओळी असतात 2160. मधली जागा टीव्ही अंदाजाने भरतो. पडदा जितका मोठा, तितके चेहरे धूसर. 32 वरून 43 वर गेलात तर पडद्याचं क्षेत्रफळ 1.8 पट होतं, 55 वर जवळजवळ तिप्पट. शिवाय तेवढ्याच पैशांत मोठा पडदा द्यायचा, तर कंपनी उजेडात आणि पॅनलच्या दर्जात हात आखडता घेते. म्हणून तुमच्यासाठी माझं मत : 43 इंची, 4के, चांगल्या पॅनलचा, 30 ते 32 हजारांपर्यंतचा. त्याच दर्जाचा 50 इंची हिशेबात बसत असेल तर तोही चालेल. पॅनल उतरवून आकार वाढवू नका.

‘क्यूएलईडी’ हे नाव ऐकून दबून जाऊ नका. तो एलसीडी टीव्हीच असतो. मागच्या दिव्यांसमोर क्वांटम डॉटचा थर असल्याने रंग अधिक खुलतात, एवढंच. काळा रंग किती काळा दिसेल, हे पॅनल आणि मागच्या दिव्यांवर ठरतं. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो. ती जात वेगळी आणि तुमच्या बजेटबाहेरची.

पॅनल मुख्यतः दोन प्रकारांची. आयपीएस पॅनलवर बाजूने पाहिलं तरी रंग फारसे उतरत नाहीत, पण अंधारातलं दृश्य राखाडी दिसतं. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद, पण बाजूने चित्र फिकं पडतं. सासूबाई समोर न बसता बाजूच्या दिवाणावर बसत असतील, तर आयपीएस बरं. दिवसा बाल्कनीतून हॉलमध्ये भरपूर उजेड येत असेल, तर ‘निट्स’चा आकडा विचारा. 250 पेक्षा 350-400 कधीही चांगला. एवढ्या कमी उजेडाच्या टीव्हीवर ‘एचडीआर’चं लेबल नावापुरतंच असतं.

दुकानातली झगमगती डेमो फीत बंद करायला सांगा. चित्र ‘व्हिव्हिड’वरून ‘स्टँडर्ड’वर आणा, एखादी साधी वाहिनी लावा आणि समोरून पाहून झालं की बाजूलाही उभं राहून पाहा. साउंडबारसाठी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेला एचडीएमआय पोर्ट आहे का, तेही बघून घ्या.

वाहिन्यांचं सांगायचं, तर दिल्लीत मिळणाऱ्या तयार पॅकमध्ये हिंदीचाच भरणा असतो. 2019 पासून लागू असलेल्या ट्रायच्या दररचनेत हवी ती वाहिनी सुटी निवडता येते. सासूबाईंच्या दोन-तीन मराठी वाहिन्या एचडीमध्ये घ्या. नव्या टीव्हीचा खरा फरक तिथे दिसेल. डीडी सह्याद्री डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काशिवाय मिळते.

किमतीबद्दल. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. कराआधीची किंमत 25,000 असेल तर टीव्ही पूर्वी 32,000 ला पडायचा, आता 29,500 ला. 32 इंचापर्यंतच्या टीव्हीवर मात्र जानेवारी 2019 पासून 18 टक्केच आहे. त्यामुळे लहान टीव्हीवर कोणी ‘जीएसटी कपातीची खास सूट’ दाखवत असेल, तर ती सूट दुसऱ्या कशाची तरी आहे.

घाऊक बाजारात बिननावाचे जुळवलेले टीव्ही स्वस्तात मिळतात. घ्यायचा मोह झाला, तर मागच्या बाजूला बीआयएसचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. टीव्हीला ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक नसेल तर घेऊ नका.

तुमचा हिशेब असा मांडा. टीव्ही 31,000, भिंतीवरचा ब्रॅकेट आणि फिटिंग 1,500, साउंडबार 5,000, चांगला स्पाइक गार्ड 700. उरलेले सुमारे 1,800 हाताशी ठेवा. ‘फ्री इन्स्टॉलेशन’मध्ये ब्रॅकेट धरलेला आहे का, हे आधीच विचारून घ्या. जुना टीव्ही एक्सचेंजमध्ये जात नसेल तर कबाडीवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

प्रश्न : आमचं हिवाळ्यातलं वीजबिल 190 युनिटांच्या आसपास असतं, म्हणजे शून्य रुपये. मोठा टीव्ही घेतला तर सवलत जाईल का?

– एक वाचक, सेक्टर 6, द्वारका

उत्तर : जाऊ शकते. दिल्ली सरकारच्या सध्याच्या योजनेत महिन्याला 200 युनिटांपर्यंत बिल शून्य, 201 ते 400 युनिटांना निम्मी सवलत आणि तीही जास्तीत जास्त 800 रुपये. म्हणजे दोनशेची रेघ ओलांडली की फक्त वरच्या एका युनिटाचे पैसे लागत नाहीत, सगळ्या बिलाचा निम्मा भार अंगावर येतो. 201वं युनिट काही शे रुपयांना पडतं.

आता टीव्हीचा आकडा. दिवसाला पाच तास धरले तर 50 वॅटचा जुना 32 इंची टीव्ही महिन्याला साडेसात युनिटं खातो. 43 इंची 80 वॅटचा असेल तर 12, 55 इंची 130 वॅटचा असेल तर साडेएकोणीस. 43 इंचीने तुमची युनिटं साडेचारने वाढून 195 च्या आत राहतील, 55 इंचीने बाराने वाढून 202 होतील. उन्हाळ्यात एसी लागल्यावर हा हिशेब गैरलागू, पण थंडीचे महिने हातचे जातात.

दुकानात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलावर वर्षाच्या युनिटांचा आकडा पाहा. एकाच आकाराच्या दोन मॉडेलांची तुलना ताऱ्यांपेक्षा त्या आकड्यावर करा. घरी ‘व्हिव्हिड’ मोड आणि रात्रभर चालू राहणारा ‘क्विक स्टार्ट’ बंद ठेवा.

प्रश्न : 36,000 चा टीव्ही सहा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर मिळतोय. पैसे बँकेत आहेत. हप्ते घ्यावेत की रोख द्यावेत? शिवाय दुकानदार 3,500 रुपयांत दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्यायला सांगतोय.

– एक वाचक, सेक्टर 10, द्वारका

उत्तर : बिनव्याजी हप्ता नावाची वस्तू बाजारात नसते. रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना हेच बजावलं होतं. व्याज असतंच, फक्त ते किमतीतल्या सवलतीमागे लपवलेलं असतं.

तुमचाच टीव्ही घेऊ. कार्डाचा व्याजदर वर्षाला 16 टक्के धरला, तर बँक तुम्हाला सुमारे 34,378 रुपयांचं कर्ज देते आणि सहा हजारांचे सहा हप्ते घेते. मधले 1,622 रुपये व्याजाचे. विक्रेता तेवढीच सूट आधी देतो, म्हणून हप्त्यांची बेरीज 36,000 च भरते. पण व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो 292 रुपये. प्रोसेसिंग फी 199 असेल तर करासकट 235. एकूण 527 रुपये खिशातून गेले. हीच ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट.

रक्कम मोठी नाही. त्यामुळे रोखीवर वेगळी सूट मिळत नसेल आणि पैसे आणखी कुठे गुंतवलेले असतील, तर हप्ता घ्यायला हरकत नाही. मात्र कार्डाचं बिल एकदा जरी चुकलं तरी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढतं आणि वाचवलेलं सगळं त्यात वाहून जातं. दुकानातल्या फायनान्स कंपनीकडून कर्ज घेत असाल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. येत्या वर्षात गृहकर्ज काढायचं असेल, तर असं लहान कर्जही तुमच्या सिबिल अहवालात दिसतं, हे लक्षात घ्या. तुमचे पैसे बँकेत पडून आहेत, तेव्हा रोखीचा भाव आधी विचारा. हजार रुपये जरी कमी झाले तरी रोखच द्या.

वाढीव वॉरंटीबाबत तीन प्रश्न विचारा. ती टीव्हीच्या कंपनीची की तिसऱ्याच कोणाची? पॅनल त्यात धरलं आहे का? पॅनल गेलं तर दुरुस्ती करून देणार की घसारा कापून पैसे हातात ठेवणार? कंपनीची वॉरंटी असेल आणि पॅनल पूर्ण धरलं असेल, तर टीव्हीच्या दहा टक्क्यांच्या आत पडणारी ही रक्कम देण्यासारखी आहे. पॅनल वगळलं असेल तर देऊ नका. उरलेले सुटे भाग बदलायला सहसा एवढे पैसे लागत नाहीत.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या टीव्हीवर पाच आठवड्यांत उभ्या रेघा आल्या. तंत्रज्ञाने ‘फिजिकल डॅमेज’ लिहून वॉरंटी नाकारली. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी विक्रेत्याकडे. बिल माझ्या ऑफिसच्या जीएसटी क्रमांकावर आहे. तक्रार कुठे करू?

– एक वाचक, सेक्टर 22, द्वारका

उत्तर : शेवटची गोष्ट आधी घेतो, कारण ती महत्त्वाची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये व्यापारी कारणासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. ऑफिसच्या क्रमांकावरचं बिल समोरचा वकील पहिल्याच तारखेला पुढे करील. टीव्ही घरात लागला आहे, घरचीच माणसं तो वापरतात आणि कराचं क्रेडिट घेतलेलं नाही, हे दाखवणारे कागद जमवा. क्रेडिट घेतलं असेल तर आधी वकिलाशी बोला. इतर वाचकांनी थोड्या कराच्या लोभाने घरच्या वस्तूचं बिल फर्मच्या नावाने करू नये.

पुढच्या पायऱ्या अशा. तंत्रज्ञाच्या जॉबशीटवर ‘मान्य नाही’ असा शेरा लिहा आणि तिचा फोटो काढून ठेवा. जॉबशीट हातची गेली असेल तर तेच ई-मेलने कळवा. पडद्यावर आघाताची खूण नाही हे दाखवणारे जवळून काढलेले फोटो, इन्स्टॉलेशनचा अहवाल आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ असेल तर तोही जपा. विक्रेता, ऑनलाइन मंच आणि कंपनी या तिघांनाही लेखी तक्रार करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन लावा. तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीशी तडजोडीचा प्रयत्न करते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता बंगळुरूचा असो की मुंबईचा, तुम्ही राहता तिथेच तक्रार करण्याचा हक्क कायद्याच्या कलम 34 ने दिला आहे. दक्षिण-पश्चिम जिल्ह्याचा आयोग द्वारकेतच, सेक्टर 20 मधल्या सहकार भवनात बसतो. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्याही तक्रार नोंदवता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, म्हणजे ‘तो मी नव्हेच’चा खेळ थांबतो.

दोष पडद्याचा की आघाताचा, हा वाद उठला तर आयोग टीव्ही प्रयोगशाळेत तपासायला लावू शकतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागेल. त्यासाठी टीव्ही आहे त्या स्थितीत ठेवा, बाहेरच्या कारागिराकडून उघडून घेऊ नका. दुरुस्ती, बदली, व्याजासह परतावा, नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च, यांपैकी जे हवं ते तक्रारीत स्पष्ट मागा. न मागितलेलं मिळेलच असं नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बिलावरचा छाप सदोष मालाला लागू होत नाही. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तरीही थांबू नका. ई-मेलची पहिली फेरी याच आठवड्यात पाठवा आणि महिना उलटताच आयोगाकडे जा.