हात वरून नको

बाळा, काल ते पिल्लू दोनदा तुझ्या हातावर झेपावलं आणि तू न जेवताच झोपलास. सातारा जिल्ह्यात तीस वर्षं मी लोकांच्या घरांतून साप धरले आणि रानात सोडले. पेटीत पाळलेला साप इथं नेदरलँड्समधल्या आम्स्टेलवेनला तुझ्याकडेच पहिल्यांदा पाहिला, पण भ्यालेला साप मला लांबूनही कळतो. तुझं पिल्लू भ्यालंय, चिडलेलं नाही. आधी हे मनात पक्कं कर, मग पुढचं ऐक.

याला तुम्ही कॉर्न स्नेक म्हणता, डच दुकानदार कोरनस्लांग म्हणतो. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, आपल्या धामणीच्या आणि तस्कराच्या गोतातला. वीत-दीड वीत लांबीचं हे लेकरू रानात असतं तर ससाण्याच्या, नाहीतर मोठ्या सापाच्या पोटात जायची धास्ती त्याला रोजच असती. त्याच्या लेखी वरून येणारी सावली म्हणजे झडप, आणि तू झाकण काढून नेमका वरूनच हात घालतोस. मग ते मान नागमोडी आखडून घेतं, शेपटीचं टोक थरथरवतं. तस्करही हुबेहूब हेच करतो. वाळक्या पाल्यात त्या शेपटीचा खुळखुळ्यासारखा आवाज येतो आणि भलेभले मागे सरतात.

आणल्या दिवशीच तू त्याला मित्रांच्या हातात दिलंस, ती चूक झाली. आता पहिल्यापासून सुरुवात करू. एक आठवडा हात लावायचा नाही. फक्त रोज पाणी बदलायचं, तेही सावकाश, एकाच वेळेला. लागोपाठ दोनदा खाल्लेलं त्याच्या पोटात टिकलं, की मग हाताळायला घ्यायचं.

तेव्हा हात बाजूनं, खालच्या अंगानं न्यायचा. आधी लपायचं खोपटं उचलून बाजूला ठेव. बिळात हात घालून ओढलेला साप ते विसरत नाही. बोटं अंगाच्या मधल्या भागाखाली सरकव आणि ओंजळीत घेतल्यासारखं उचल. डोकं धरायचं नाही, शेपटीला लोंबकळवायचं नाही. आम्ही सर्पमित्र शेपटी धरतो, काठी लावतो, कारण आम्हाला पटकन धरून पिशवीत घालायचं असतं. ते धरणं वेगळं आणि हे हाताळणं वेगळं. माझी ती पद्धत तू उचलू नकोस. तुझ्या हातात ते फांदीवर चालल्यासारखं चालू दे. एक हात संपला की पुढे दुसरा हात ठेव. पाच मिनिटं पुरेत, आठवड्यातून दोन-तीनदा. आणि पलंगावर किंवा जमिनीवर बसूनच, म्हणजे निसटलं तरी उंचावरून पडणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हात पुढे नेलास आणि ते झेपावलं, तर हात झटकून मागे घेऊ नकोस. झेपावलं की हात जातो, हे त्याला एकदा कळलं की ते दरवेळी झेपावणार. हात आहे तिथंच स्थिर ठेव, ते शांत झालं की उचल. चावलंच तर बाभळीचा बारीक काटा टोचावा तेवढं टोचेल. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे हिसका दिलास तर तुझं कातडं फाटेल आणि त्याचा दात मोडेल. सुटू दे, मग साबणानं धू. ज्या दिवशी हात थरथरतोय असं वाटेल, त्या दिवशी झाकण उघडूच नकोस.

हाताळण्याआधी हात धुवायचेच; उंदराचा वास असला तर बोटालाच ते भक्ष्य समजेल. नंतरही धुवायचे, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. गोठवलेली उंदराची पिल्लं वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेव, आईच्या ओल्या खोबऱ्याच्या पिशवीशेजारी नकोत. गरम पाण्यात पिशवीसकट ठेवून आतपर्यंत वितळवायची, मायक्रोवेव्हमध्ये नाही, आणि चिमट्यानं द्यायची. पाच ते सात दिवसांनी एक, त्याच्या अंगाच्या जाडीएवढंच. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकेल. ओकलं तर दहा दिवस थांबायचं आणि नंतर लहान घास द्यायचा. नागपंचमीला आजी फोन करून दूध ठेवायला सांगेल. तिचं मन मोडू नकोस, पण दूध ठेवू नकोस. सापाला दूध पचत नाही, वाटीत पाणीच हवं.

डोळे दुधाळ निळसर झाले की कात टाकायची वेळ आली. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून जास्त भितं. तेव्हा पेटी तशीच राहू दे. कातीचे तुकडे अंगावर राहिले तर ओढू नकोस, ओल्या शेवाळाचा डबा आत ठेव.

त्याची निम्मी भीती पेटीतच आहे, असं मला वाटतं. चारी बाजूंनी काच, लपायला एकच जागा, आणि बाजूलाच गाण्यांचा स्पीकर. सापाला बाहेरचा कान नसतो, पण टेकलेल्या जबड्यातून त्याला हादरे कळतात. एका टोकाला २८ ते ३० अंश, दुसऱ्या टोकाला २२ ते २४, आणि दोन्हीकडे लपायला खोपटं हवं. इथं थंडीत रात्री हीटिंग कमी करता ना? गारठलेल्या सापाला खाल्लेलं पचत नाही. थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावायचा नाही, भाजेल.

एक लक्षात ठेव, तो तुझ्यावर कुत्र्यासारखी माया करणार नाही. तुझ्या वासाला, तुझ्या संथपणाला तो सरावेल, एवढंच. मला ते पुष्कळ वाटतं. नीट सांभाळलास तर पंधरा-वीस वर्षं जगेल, म्हणजे तू नोकरीला लागशील तेव्हाही तुझ्याकडेच असेल. कंटाळा आला म्हणून बाहेर सोडायचा नाही. इथल्या हिवाळ्यात तो मरेल, आणि ते गुन्ह्याचंही काम आहे. गावी मात्र नाग, धामण, अजगर पाळायचा विचारही करू नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. नेदरलँड्सचे स्वतःचे साप तीनच जातींचे, तेही संरक्षित. त्यातला पाणसाप, रिंगस्लांग, अंडी घालतो म्हणून लोक त्याच्यासाठी पालापाचोळ्याचे ढीग रचतात. उन्हाळ्यात डिमेनकडे जाऊन आपण लांबून पाहू.

उद्या शाळेतून आलास की पेटीच्या तीन बाजूंना कागद लावू आणि स्पीकर हलवू. पुढच्या रविवारपर्यंत झाकण पाण्यापुरतंच उघड.