बोट गेलं, आता पुढे काय?

प्रश्न : भोसरीच्या कारखान्यात लागून वीसच दिवस झाले होते. प्रेसमध्ये उजव्या हाताची तर्जनी पूर्ण गेली. 'हप्तेच भरले नाहीत, ईएसआय कुठली मिळणार?' असं सुपरवायझर म्हणतात. खरं का?

उत्तर : साफ चूक. ईएसआय, म्हणजे कामगार विम्यात, हप्त्यांची अट आजारपणाच्या भत्त्याला असते. कामावरच्या अपघाताला नाही. तिथे पहिल्या दिवसापासून हक्क आहे. डॉक्टर 'फिट' म्हणेपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते. जखम भरली की वैद्यकीय मंडळापुढे जा. कायद्याच्या परिशिष्टात बोटाबोटाचा दर ठरलेला आहे: अंगठ्याला 30 टक्के, पूर्ण तर्जनीला 14. रोजचा पगार 500 रुपये धरला, तर त्याच्या 90 टक्क्यांचे, म्हणजे 450 चे 14 टक्के, म्हणजे दिवसाला 63 रुपये, तेही आयुष्यभर. बोटाची किंमत म्हणून थोडीच. पण नोकरी चालू राहिली तरी ही रक्कम थांबत नाही, हे बरेच जण विसरतात.

आधी मात्र एक बघा. अपघाताच्या वहीत तुमची नोंद झाली आहे का? 'घरी कापलं' असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका.