मे महिन्यात जांभूळ पाणी कुठून पितं?

इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एप्रिल उजाडला की तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर लोक टँकरची वाट पाहत बसतात. घाटाचे उतार तीव्र आणि खाली कठीण काळा पाषाण. दख्खनच्या लाव्हाथरांतल्या एका थरसमूहाला भूशास्त्रज्ञांनी इगतपुरीचंच नाव दिलं आहे. पाणी मुरतं थोडं, वाहून जातं फार. विहिरी तळ गाठतात त्याच दिवसांत जांभळाला मात्र फळं धरलेली असतात. मग या झाडाला पाणी मिळतं कुठून? हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘आधी पुस्तक वाच’ म्हणून गप्प करू नका. या प्रश्नावर आज जगभर शास्त्रज्ञ काम करतात, त्यांना त्याचा पगार मिळतो.

उत्तराची खूण पाण्यातच असते. पाण्यातल्या हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे साधारण दीडशे अणू जड असतात. हे ड्युटेरियम हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ साली शोधलं. ऑक्सिजनमध्येही हजारात दोनेक अणू जड निघतात. हे अणू किरणोत्सर्गी नाहीत, म्हणून त्यांना स्थिर समस्थानिकं म्हणतात. पालकांनी धास्ती घ्यायचं कारण नाही. उन्हाने माती तापली की हलके रेणू आधी उडून जातात आणि वरच्या मातीतलं पाणी जड होत जातं. खोल मुरमातल्या, खडकाच्या भेगांतल्या पाण्याला ऊन लागत नाही. मुळं पाणी ओढतात तेव्हा जड-हलक्याचं हे प्रमाण बहुतेक झाडांत बदलत नाही. त्यामुळे फांदीतलं पाणी तपासलं की ते कोणत्या थरातून आलं, याचा माग लागतो. १९९१ साली डॉसन आणि एलेरिंजर या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकेत ओढ्याच्या काठावरची मोठी झाडं ओढ्याचं पाणी पीतच नव्हती, त्यांची मुळं खालच्या पाण्यावर जगत होती.

काम प्रत्यक्षात कसं चालतं, तेही मुलांना कळू द्या. हिरवी कोवळी डहाळी चालत नाही, कारण तिच्यातलं पाणी उन्हाने बदललेलं असतं. साल धरलेली फांदी कापायची, साल झटपट सोलायची, तुकडा काचेच्या कुपीत घट्ट बंद करून बर्फाच्या पेटीत टाकायचा. शेजारीच वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची. प्रयोगशाळेत निर्वात नळीत फांदी तापवून निघालेली वाफ द्रवरूप नायट्रोजनने गोठवायची. थोडं पाणी जरी फांदीत मागे राहिलं, तरी आकडा चुकतो. चिकाटी नसलेल्याने इकडे येऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो.

‘समस्थानिक तज्ज्ञ हवा आहे’ अशी जाहिरात सहसा निघत नाही. म्हणून पाया एका मूळ विषयात पक्का हवा: वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र किंवा भौतिकशास्त्र. बारावी सायन्सनंतर नाशिकला केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके कॉलेजात बीएस्सी करता येते. वनशास्त्राची पदवी दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत आहे. पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. याच संस्थेचे संशोधक भीमाशंकरजवळ निगडाळे परिसरात रानातली झाडं कोरडा उन्हाळा कसा सोसतात, हे अभ्यासत आले आहेत. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) सागाच्या वर्षवलयांवर आणि पावसाच्या समस्थानिकांवर काम झालं आहे. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने (पीआरएल) देशभरच्या पाण्याचा असा शोध घेण्याचा कार्यक्रम चालवला.

पैशाचं काय? नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून पीएचडीच्या सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये छात्रवृत्ती आहे, घरभाडं वेगळं. मात्र बारावीपासून स्थिर नोकरीपर्यंत दहा-बारा वर्षं धरा. घराची तेवढी तयारी नसेल, तर एमएस्सीनंतर थांबण्यात कमीपणा नाही. भूशास्त्र घेतलेल्यांना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा किंवा केंद्रीय भूजल मंडळ आहे, वनशास्त्रवाल्यांना एमपीएससीची वनसेवा आहे, आणि झऱ्यांवर काम करणारी पुण्याची ‘अ‍ॅक्वाडॅम’सारखी संस्थाही आहे.

पीएचडीचं ठरलंच, तर गाईडचं नाव पाहून भुलू नका. त्यांच्या संस्थेत जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजणारं यंत्र, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, चालू आहे का, की नमुने बाहेर पैसे भरून तपासावे लागतात, आणि ते पैसे कोण भरतं, हे आधी विचारा. तिथे शिकत असलेल्या मुलांना गाठून विचारलंत, तर खरं उत्तर मिळेल.