‘विश्वास ठेवा’ म्हणू नकोस, ‘बघून घ्या’ म्हण

चि. ताईस,


पोटनिवडणुकीसाठी केंद्राध्यक्ष म्हणून तुझा आदेश आल्याचं वहिनींनी कळवलं. कामाची नाही, पण लोक मतदान यंत्राविषयी वाटेल ते बोलतील त्याची तुला धास्ती आहे, असंही म्हणाल्या. धास्ती खोटी नाही. 2024च्या विधानसभा निवडणुकीनंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं होतं. प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. हा संशय तुझ्या केंद्रावरही येईल. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. नियमांनी लोकांना जे जे बघायचा हक्क दिला आहे, ते सगळं त्यांना दाखव.

सुरुवात अभिरूप मतदानाची, म्हणजे खऱ्या मतदानाआधीच्या चाचणीची. सातला मतदान असेल तर साडेपाचला ते सुरू व्हायला हवं. पहाटे सगळेच पेंगुळलेले असतात. ‘मॅडम, पाच-दहा मतं टाकून उरका’ असं कुणीतरी म्हणेलच. उरकू नकोस. किमान 50 मतं पडली पाहिजेत, आणि नोटासकट प्रत्येक बटण दाबलं गेलं पाहिजे. निकाल मोठ्याने वाच, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मोजून ताळा जुळव. मग यंत्र क्लिअर करून शून्य आणि चिठ्ठ्यांची रिकामी पेटी प्रत्येकाला दाखव. सीलचे क्रमांक त्यांना टिपून घेऊ दे. क्लिअर करायचं राहून गेलं, तर चाचणीची मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि एवढ्या एका विसरापायी केंद्राचा सगळा हिशेब संशयात सापडतो.

दिवसभरात कुणी म्हणेल, ‘मी एक बटण दाबलं, चिठ्ठी दुसऱ्याचीच दिसली.’ चिठ्ठी काचेमागे 7 सेकंदच दिसते, त्यामुळे गैरसमजही होऊ शकतो. पण ‘तुमचीच चूक असेल’ हे तुझ्या तोंडून निघता कामा नये. तक्रार खोटी ठरली तर शिक्षा होऊ शकते हे शांतपणे सांग, लेखी घे आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत घे. तक्रार खरी निघाली तर मतदान तिथेच थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळव. नियम दटावण्यासाठी नाही, शहानिशा करण्यासाठी आहे.

एखादी आजी ‘बाई, तूच दाब गं’ म्हणेल. मतदान कक्षात तू जायचं नाहीस, तुझ्या कर्मचाऱ्यांनीही नाही. दृष्टी नसलेल्या किंवा अशक्त मतदाराला किमान 18 वर्षांचा सोबती नेता येतो, तेवढाच मार्ग. आदल्या रात्री कुण्या पुढाऱ्याच्या घरून जेवण आलं, तर नम्रपणे परत पाठव. तुझी निष्ठा त्या ताटाने बदलणार नाही, हे मी जाणतो; पण ताट बघणाऱ्या गावाला ते कसं कळावं?

सर्वांत जपायचं ते संध्याकाळी. 2024च्या त्या विधानसभा निवडणुकीत मतदानाचा पाच वाजताचा आकडा 58.22 टक्के होता, अंतिम 66.05 टक्के. मधली वाढ आली कुठून, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. त्याचं उत्तर तुझ्या केंद्रापुरतं तुझ्याच हातात आहे. वेळ संपताना जे रांगेत असतील त्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाट. किती वाटल्या ते प्रतिनिधींना सांग. दिवसभर नोंदवहीतली संख्या आणि यंत्रातली संख्या ताडून बघत राहा. सही करून मत न देता कुणी गेलं, तर तसा शेरा त्याच वेळी मार. शेवटी क्लोज बटण दाबून नमुना 17-सी, म्हणजे नोंदलेल्या मतांचा हिशेब, भर आणि हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला त्याची सही केलेली प्रत दे. कुणी मागितली नाही तरी दे. मतमोजणीच्या दिवशी तुझ्या केंद्राचा आकडा पडताळायला त्यांच्या हाती हाच कागद असतो. थकव्याने हात जड झालेला असेल, बस दारात हॉर्न वाजवत असेल, तरी त्यात खाडाखोड होऊ देऊ नकोस.

राज्यभरचा अविश्वास एका केंद्रावर मिटणार नाही, आणि ती जबाबदारी तुझी नाहीही. पण तुझ्या यादीतल्या मतदारांपुरती निवडणूक आयोग म्हणजे तूच. शंका घेणारा माणूस तुझा शत्रू नाही. त्याला आपल्या मताची किंमत कळते म्हणूनच तो विचारतो. त्याला मानाने उत्तर दे, आणि कागद चोख ठेव.

तुझा,
काका