तराफ्यावरील एक दिवस

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात नळदुर्ग हे गाव आहे. तेथील भुईकोट किल्ल्याजवळ बोरी नदीला आडवा बांध घातलेला असून त्या बांधाच्या पोटातच एक महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, हे काम झाले. बोरीला पूर आला की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळू लागते. पाणीमहालात उभे राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा लोंबतो, आत मात्र तो कोरडा राहतो. पण हा देखावा दरवर्षी दिसेलच असा नेम नाही. पाऊस रुसला म्हणजे सांडवे मुके होतात आणि गावातील माणसे आभाळाकडे पाहू लागतात.

या गावी एक शिक्षक दांपत्य राहत असे. गुरुजी भूगोल शिकवीत व बाई मराठी शिकवीत. पश्चिमेकडे वाहणारी पेरियार नदी अडवून तिचे पाणी डोंगरापलीकडे पूर्वेस कसे नेले आहे, हे गुरुजी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावून सांगत. एके वर्षी एका मुलाने मध्येच विचारले, "गुरुजी, तुम्ही ते पाहिले आहे का?" गुरुजींना "नाही" म्हणावे लागले. ती गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. पुढील दिवाळीच्या सुट्टीत उभयतांनी सोलापूरहून मदुराईची गाडी धरली.

मदुराईहून मोटार पश्चिमेकडे निघाली. थेनी मागे पडले आणि कंबमचे खोरे लागले. दोहों बाजूंस भातशेती, नारळी आणि मध्येच द्राक्षांचे मांडव. द्राक्षे पाहून बाईंना आपल्याकडची आठवण झाली. "अहो, सह्याद्रीच्या आडोशाला असूनही हा मुलूख इतका हिरवा कसा?" त्यांनी विचारले. गुरुजी या प्रश्नाची वाटच पाहत होते! नैर्ऋत्येकडून येणारे ढग घाटापलीकडेच बहुतेक रिते होतात. तेव्हा हा भाग मुळात कोरडाच. १८७६ ते १८७८ या वर्षांत मोठा दुष्काळ पडला. त्यात दख्खन जशी होरपळली, तसाच हा दक्षिणेकडील प्रदेशही होरपळला. पुढे १८८७ साली पेनीक्विक नावाच्या इंग्रज इंजिनियराच्या देखरेखीखाली पेरियारवर धरणाचे काम सुरू झाले. दगड, चुना आणि सुरखी वापरून बांधलेले ते धरण १८९५ साली पुरे झाले. डोंगरातून बोगदा खोदून त्या सरोवराचे पाणी या खोऱ्यात उतरविले आहे. आजही या खोऱ्यातील शेतकरी पेनीक्विकचे नाव आदराने घेतात.

घाट चढून मोटार केरळ राज्याच्या सीमेवरील कुमळी गावी पोहोचली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील हे गाव वेलची आणि मिरे यांच्या वासाने भरलेले असते. शेजारीच तेक्कडी आणि पेरियारचे व्याघ्र अभयारण्य आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे वनखात्याच्या कचेरीत गेली. तेथे पाहुण्यांची लहान टोळी जमली होती. बरोबर जाणारे वाटाडे आसपासच्या वस्त्यांतीलच होते. त्यांत मन्नान आणि पळियन या आदिवासी जमातींचे लोक होते. वनखात्याच्या साहाय्याने येथील रहिवाशांनी समित्या स्थापिल्या असून तराफ्यांची ही सफर त्यांचेच सभासद चालवितात. पाहुण्यांच्या पैशातून त्यांना वेतन मिळते आणि काही भाग समितीच्या निधीत पडतो. सोबत बंदूकधारी वनरक्षकही असतो. जळवा चढू नयेत म्हणून प्रत्येकाला गुडघ्यापर्यंत येणारे जाड कापडी मोजे मिळाले. ते घालताना बाईंना हसू आवरेना. पुढे पानापानांवर उभ्या राहून वळवळणाऱ्या जळवा दिसल्या, तेव्हा ते हसू आपोआप थांबले.

बरेच अंतर अरण्यातून चालल्यावर सरोवर दिसू लागले. पाण्यातून जागोजागी काळे, वठलेले बुंधे वर आलेले होते. धरण भरले तेव्हा बुडालेल्या अरण्याचे ते अवशेष! शंभराहून अधिक वर्षे ते तसेच उभे आहेत आणि पाणकावळे त्यांवर पंख पसरून बसतात.

काठाला तराफे बांधलेले होते. लांब बांबू एकमेकांना आवळून बांधलेले, वर बसण्यापुरती बांबूचीच बाके. फटींतून पाणी वर येत होते. ते पाहून बाई काठावरच थबकल्या. त्यांना पोहता येत नव्हते. "हे तर आताच पाण्याने भरले आहे!" त्या म्हणाल्या. गुरुजींनी लहानपणी भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून विहिरीत पोहण्याचे धडे घेतले होते. ते म्हणाले, "अगं, बांबूचे प्रत्येक पेर दोन्ही टोकांना बंद असते. आत हवा कोंडलेली. होडीला पोट असते, म्हणून तिच्यात पाणी साठते आणि ती बुडते. तराफ्याला पोटच नाही. पाणी साठणार कोठे?" तरीही वाटाड्याने तरंगती जाकिटे सर्वांच्या अंगावर चढवून त्यांचे पट्टे स्वतः तपासले. त्या बाबतीत तो कोणाचे ऐकत नव्हता. ३० सप्टेंबर २००९ रोजी याच सरोवरात एक मोठी प्रवासी बोट उलटून ४५ माणसे दगावली होती. येथील लोक तो दिवस विसरलेले नाहीत.

वल्ही पाहुण्यांच्याही हाती दिली होती. तराफा संथपणे निघाला. यंत्राचा आवाज नाही, धूर नाही. वल्ह्यांवरून निथळणारे पाणी तेवढे ऐकू येई. मन्नान लोक पूर्वीपासून अशाच तराफ्यांवरून मासे धरीत आले आहेत. त्यामुळे पाहुण्यांना नवलाची वाटणारी ही वस्तू त्यांच्या घरची होती.

दुपारी वारा एकाएकी पडला. नळदुर्गला या दिवसांत पावसाळा सरत आलेला असतो. येथे मात्र ईशान्येकडून परतणाऱ्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस याच सुमारास दुपार कलल्यावर कोसळतो. वाटाड्याने आभाळाकडे एकदाच पाहिले आणि तराफा काठाकडे वळविला. "अजून तर थेंबही नाही," एक पाहुणा कुरकुरला. वाटाडा वल्हे न थांबविता मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "थेंब आल्यावर उशीर होतो. सपाट पाण्यावर सर्वांत उंच आपणच असतो. वीज उंच वस्तू शोधते." काठावर उतरल्यावरही त्याने कोणाला मोठ्या झाडाखाली उभे राहू दिले नाही. ठेंगण्या झुडपांमधील एका खोलगट जागी सर्वांना उकिडवे बसवून वर ताडपत्री धरली. तोच पलीकडच्या टेकडीवर वीज कडाडली आणि सरोवर पांढरे होऊन दिसेनासे झाले.

पाऊस बराच वेळ पडत होता. थंडीने कुडकुडणाऱ्या मंडळींना वाटाडा आपली हकीकत सांगू लागला. या अरण्यात वयणा नावाचे दालचिनीच्या जातीचे झाड होते. त्याची साल मसाल्याच्या बाजारात विकली जाते. ऐन तारुण्यात तो आणि त्याचे सोबती रात्री अरण्यात शिरत, झाडांची साल सोलून काढीत आणि ओझी पाठीवर घेऊन डोंगर उतरत. सोललेले झाड वाळून जाई. पैसा व्यापाऱ्याच्या घरी जाई. यांच्या वाट्याला खटले आणि पळापळ येई. १९९० नंतरच्या दशकात वनखात्याने निराळा मार्ग धरला. साल चोरणाऱ्या काही जणांनी हत्यारे खाली ठेवली, आपल्या चोरवाटा अधिकाऱ्यांना दाखविल्या आणि १९९८ च्या सुमारास त्यांचीच एक समिती झाली. दिवसा पाहुण्यांना घेऊन हिंडायचे आणि हिंडता हिंडताच अरण्याची राखण करायची, असे त्यांचे काम ठरले.

बाई गुरुजींच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या म्हणायच्या!" गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांच्याही मनात तोच विचार आला होता, आणि तो अगदीच वावगा होता असे म्हणता येणार नाही.

पाऊस ओसरल्यावर तराफे पुन्हा पाण्यात लोटले. धुके वर सरकत होते. एका वळणावर वाटाड्याने हात वर केला. सर्वांनी वल्ही उचलून धरली. पलीकडच्या काठावर पाच हत्ती ओले गवत उपटून, पायावर झटकून खात होते. त्यांत एक पिल्लू आईच्या पायांमध्ये लपलेले होते. पावसाळ्यात अरण्यात सर्वत्र पाणी असल्यामुळे जनावरे सरोवराकडे थोडीच येतात. म्हणून हे दर्शन म्हणजे नशीबच. मंडळी श्वास रोखून पाहत राहिली.

परतीच्या पायवाटेवर वाटाडा एकाएकी थांबला. एका झाडाची साल मांडीइतक्या उंचीवर ताजी निघालेली होती. आतले लाकूड ओले चकचकीत दिसत होते. सर्वांचे चेहरे गंभीर झाले. बाईंनी तर वाटाड्याकडेच पाहिले. तो वाकला, सालीच्या कडेवरून बोट फिरविले, खालची माती न्याहाळली आणि उठून म्हणाला, "सांबर."

"कशावरून?" बाईंनी विचारले.

"कोयत्याने काढलेल्या सालीची कड सरळ असते आणि ती पट्टीने निघते. सांबर शिंगे घासते, तेव्हा चिंध्या होतात. हे केसही चिकटले आहेत." मग थोडा थांबून तो म्हणाला, "मी हजारो कडा कापल्या आहेत, बाई. माझी चूक व्हायची नाही."

वनरक्षकाने खिशातून वही काढून जागेची नोंद केली. बाई पुढे वाटभर त्याच्या मागोमाग चालत होत्या आणि झाडामागून झाडाविषयी त्याला विचारीत होत्या. त्यांच्या मोज्यांवर किती जळवा चढल्या, तेही त्यांना कळले नाही.

तिसऱ्या दिवशी मोटार घाट उतरू लागली. पायथ्याशी वीजघर दिसले. आदल्या दिवशी ज्या पाण्यावर ते तरंगले होते, तेच पाणी बोगद्यातून येऊन त्याची चक्रे फिरवीत होते आणि पुढे खळाळत कंबमच्या भातखाचरांकडे धावत होते. गुरुजींनी खिडकीबाहेर डोके काढून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले.

सुट्टी संपून शाळा भरली. फळ्यावर पुन्हा घाट, धरण आणि बोगदा यांची आकृती निघाली. मागल्या बाकावरून तोच प्रश्न आला. गुरुजींनी खडू खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि शेजारच्या वर्गातून बाईंनाही बोलावून घेतले.